तुम्ही विचारलंत म्हणून : हरळी कुणी मुद्दाम लावतं का?

बेळगावात अनगोळातल्या आमच्या घराच्या फाटकाशी थांबून लोक विचारतात, "लॉन कुठनं आणलंत हो? पाणी किती घालता?" विचारणाऱ्यानं बहुधा नवं घर बांधलेलं असतं, पुढं वीस बाय पंचवीस फुटांची मोकळी जागा असते. "लॉन नव्हे, हरळी आहे," असं मी सांगितलं की चेहरा पडतो. हरळी म्हणजे तण ना? तण खरंच. गणपतीला एकवीसच्या जुड्या बांधून वाहतो त्या दूर्वाही हीच. देव्हाऱ्यात दूर्वा, रानात हरळी. फाटकाशी उभ्यानं एवढंच सांगून होतं, म्हणून बाकीचं इथं सांगते.

आधी माझी फजिती. या घरात आल्यावर मीही मेक्सिकन लॉनच घातलं होतं. नर्सरीवाल्यानं गालिच्यासारखे तुकडे आणून एका दिवसात अंगण हिरवंगार केलं. पहिला पावसाळा बरा गेला. उन्हाळा लागला तेव्हा हिशेब कळला. असल्या लॉनला कडक उन्हात चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. पाचशे चौरस फूट म्हणजे सेहेचाळीस चौरस मीटर, म्हणजे रोजचं सव्वादोनशे लिटरच्या वर. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. प्यायचं पाणी भरायचं की गवताला पाजायचं? तरी मी हट्टानं पाजलं. पुढच्या भाद्रपदात मधेमधे पिवळे डाग पडले. एक तुकडा हातानं उचलला तर चटईसारखा सुटून आला. खाली मुळं नव्हतीच, पांढऱ्या अळ्या होत्या, सी अक्षरासारख्या वळलेल्या. ऊसवाल्यांना सांगायला नको, मुळं खाणारी हुमणी!

त्या उघड्या पडलेल्या जागेत हरळी आपणहून शिरली. तिला मी बोलावलं नव्हतं, फक्त उपटायचं थांबवलं. आमची आई येळ्ळूरकडची, जन्म भातशेतात गेलेला. उन्हाळी नांगरटीनंतर हरळीच्या मुळ्या वेचून बांधावर वाळत टाकायच्या, हे तिचं दरवर्षीचं काम. ती आली, अंगण बघितलं आणि म्हणाली, "आम्ही जन्मभर उपटून मेलो, आणि तू हौसेनं लावायलीस व्हय?"

तिचं बरोबरच होतं. पण ज्या गुणापायी ती रानात नकोशी, तोच गुण मला अंगणात हवा होता. हरळी वरून धावते आणि जमिनीखालूनही. पेरापेराला मूळ धरते. उन्हात वाळून काडी झाली तरी खाली जीव राहतो. मे महिन्यात आमचं अंगण सरळ तपकिरी होतं. वळवाचे दोन पाऊस झाले की आठ-दहा दिवसांत हिरवं. मधल्या काळात मी एक तांब्याही घालत नाही. कमी देखभालीचं गवत मागणाऱ्या प्रत्येकाला मी उलट विचारते, वैशाखात पिवळं अंगण बघवेल का? पाहुण्यांसमोर लाज वाटणार असेल तर हरळी तुमच्यासाठी नाही. बारा महिने हिरवं आणि बिनपाण्याचं, असं गवत आपल्या हवेत नसतं. तसं सांगून कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

लावायचं कसं? मृग लागायच्या तोंडाला. आधी नागरमोथा खणून गाठींसकट काढा. तो गवत नव्हेच, आणि मागून काढायला गेलात तर निघतही नाही. हरळीच्या धावत्या काड्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करा, शेण आणि मातीच्या काल्यात कालवा, भिजल्या जमिनीवर पसरा आणि वरून बोटभर माती टाका. जुलैअखेर जमीन झाकते. कापणी पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा, दिवाळीनंतर जवळजवळ नाहीच. कडेनं फरशी किंवा जांभ्याचा चिरा वीतभर खोल गाडा, नाहीतर ती गुलाबाच्या आळ्यात घुसते आणि मग माझ्या नावानं बोटं मोडाल. आणि ऊन हवं, निदान सहा तास. आंब्याखाली ती जगत नाही. माझ्याकडं आंब्याखाली पावसात नागमोडी पानांचं एक नाजूक गवत आपोआप येतं, ऑप्लिस्मेनस म्हणतात त्याला. दिवाळीनंतर ते जातं आणि तिथं पालापाचोळा राहतो. राहू दे.

घराच्या उताराच्या बाजूला मात्र वाळा आहे, आणि माझा खरा जीव त्याच्यात. आमची माती तांबडी. आषाढात धो धो पाऊस लागला की ती गटारीतून वाहून जायची, चहासारखं पाणी. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत. ती सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरही. त्यामुळं शेजारच्या झाडाचं काही हिरावून घेत नाहीत. म्हैसूरकडं गुंडलुपेटचे शेतकरी बांधावर वाळ्याच्या ओळी पिढ्यान्पिढ्या लावत आलेत. जागतिक बँकेनं माती धरायला वाळा सुचवला तो 1980 नंतरच्या दशकात. मोठ्या ठोंबाचे फुटवे सोडवा, पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं ठेवा, आणि उताराला आडवी ओळ धरून वीतभराच्याही आत एकेक लावत चला. लांब लावलात तर फटीतून पाणी जातं आणि मग ओळीला अर्थ उरत नाही. दक्षिणेकडं लावतात त्या वाळ्याला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या रानात पसरण्याची भीती नाही. वर्षातून दोनदा कापते, कापलेलं झाडांच्या बुडात घालते. मुळं काढायचा मोह मात्र आवरा. माठात टाकायला वाळा हवा तर कुंडीत एक ठोंब वेगळा ठेवा, बांध उपटू नका.

"उंच, झुलणारं, फोटोत दिसतं तसलं काही?" हा पुढचा प्रश्न. नर्सरीत फाउंटन ग्रास मिळतं, पंपास मिळतं. पहिलं आफ्रिकेकडचं, दुसरं दक्षिण अमेरिकेतलं. फाउंटन ग्रासचं बी वाऱ्यावर जातं आणि कित्येक देशांत ते माळांवर माजून बसलंय. काँग्रेस गवतानं एकदा आपली हौस पुरवली आहे, पुन्हा नको. त्यापेक्षा आपल्या माळावर कार्तिकात बघा. दख्खनच्या माळरानाला शास्त्रात नावच सेहिमा-डायकॅन्थियम असं आहे. त्यातलं सेहिमा म्हणजे आपला शेडा, आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. ओळखीच्या माणसाच्या बांधावरून, विचारून, पिकलेलं बी मूठभर आणा. लगेच पेरू नका. ताजं बी झोपलेलं असतं. कापडी पिशवीत पुढच्या मृगापर्यंत ठेवा. तरी सगळं उगवणार नाही, मूठभरातली पाच-सात रोपं आली तरी पुष्कळ. कुसळी नावाचं गवत दिसतं देखणं, पण घरात मूल किंवा कुत्रं असेल तर नको. त्याचं कुसळ ओलं-कोरडं होताना पिळतं, सुटतं आणि बी स्क्रूसारखं जमिनीत घुसवतं. ते कातडीतही तसंच घुसतं. दर्भही लहान अंगणात नको, जमिनीखालून टोकदार कोंब काढत तो कुठंही निघतो.

हे सगळं बेळगावच्या मातीचं सांगते. आमचा जिल्हा एक, पण पाऊस एक नव्हे. कणकुंबीकडं तो हजारांनी मोजायचा आणि अथणीला पाच-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानायचं. अथणी-गोकाकच्या काळ्या मातीत मारवेल झकास येतं, गुरंही आवडीनं खातात. खानापूरच्या पलीकडं पाणी साचत असेल तर गवताआधी चर काढा.

साप? विचारतातच. साप उंदीर-बेडकांमागं येतो. उंच ठोंब पायरीपासून दहा फूट लांब ठेवा, मधे कापलेली हरळी. पौष-माघात बी झडलं की वीतभर बुडखे ठेवून कापून टाका, उन्हाळ्यात कुणी काडी टाकली तर पेटायला नको. त्याआधी कापलंत तर मुनिया पाखरांच्या थव्यांना मुकाल, ती काडीवर लटकून बी खातात आणि काडी वाकून जमिनीला टेकते.

शेजारी अथणीकडच्या अक्का आहेत, त्या हरळीला करकी म्हणतात आणि गवती चहाला मज्जिगे हुल्लू. चतुर्थीच्या पहाटे मला न उठवता फाटक उघडून दूर्वा खुडून नेतात. आई मात्र अजून बदललेली नाही. आली की पायरीवर बसते, बोलता बोलता तिचा हात फरशीच्या कडेला जातो आणि निघताना तिच्यापाशी हरळीचा चांगला वाफाभर ढीग असतो. तो मी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते. कुणाला हवा असेल तर मृगाच्या आठवड्यात पिशवी घेऊन या.