आधी आकाशवाणी लाव

रेंज वाढवून मागणारा माणूस दुकानात येतो तोच बूस्टर हातात घेऊन. टीव्हीच्या अँटेना होत्या तेव्हाही तसंच, आता वायफायचंही तेच. त्या दिवशी आलेल्या डिप्लोमाच्या दोन पोरांकडेही अँप्लिफायरचं बोर्ड होतं, ऑनलाइन मागवलेलं. "काका, एवढं रिमोटला जोडून द्या. बाकी सगळं ओके आहे."

बाकी सगळं म्हणजे एक बोट. पीव्हीसी पाइपचे दोन तरंगते, वर फळी, ड्रिल मशीनमधून काढलेल्या १२ व्होल्टच्या दोन मोटरी, आणि हे सगळं हाकायला खेळण्यातल्या गाडीचा २७ मेगाहर्ट्झचा रिमोट. मला हसू येत होतं, पण कशासाठी केलंय म्हणून विचारलं आणि गप्प बसलो. त्यातल्या उंच पोराचं घर सांगलवाडीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना, तेव्हा हे कुटुंब माडीवर अडकलं होतं. समोरच्या बिल्डिंगीत माणसं होती, दोर होता, पण मधल्या पाण्यातून तो पोचवणार कोण? तेव्हापासून पोराच्या डोक्यात हे बसलेलं: बोटीनं आधी बारीक दोरी न्यायची, मग तिला बांधून जाड दोर ओढायचा.

सरकारी घाटावर त्यांनी चाचणी घेतली होती. थोडं अंतर गेल्यावर बोट रिमोटचं ऐकेना आणि प्रवाहाबरोबर निघाली. एका होडीवाल्यानं आणून दिली म्हणून वाचली.

त्यांनी वाचन बऱ्यापैकी केलं होतं. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आपल्याकडे ५ वॅटपर्यंत परवाना लागत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. बरोबरच आहे ते. पण हिशेब वेगळाच आहे. मोकळ्या जागेत रेंज दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. रिमोट आणि बोट दोन्ही पाण्याच्या लगत असले की सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर एकमेकींना मारतात, तिथं दुपटीला जवळजवळ सोळापट लागते. शिवाय ऐकणाऱ्याच्या, म्हणजे बोटीवरच्या रिसिव्हरच्या, कानात बोळा असताना बोलणाऱ्या रिमोटनं ओरडून काय होणार?

"ते बोर्ड ठेव बाजूला. आधी आकाशवाणी लाव," मी म्हटलं.

दुकानात एक जुना ट्रान्झिस्टर असतो. मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला सांगली केंद्र लावलं, गाणं स्वच्छ लागलं. ट्रान्झिस्टर बोटीशेजारी ठेवला आणि मोटर चालू केली. गाणं गेलं, नुसती करकर. रेडिओ हातभर लांब नेला तरी करकर सुटेना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मोटरच्या आत कार्बनचे ब्रश कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर, घासतात, प्रत्येक घासणीला ठिणगी, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओच्या सगळ्या बँडांवर बोंबलणारा एक छोटा ट्रान्समीटर. खेळण्यातल्या मोटरीची ठिणगी खेळण्यातल्या स्वस्त रिसिव्हरला सोसवते. ड्रिलची मोटर तिच्यापेक्षा दांडगी, आणि रिसिव्हर तिच्यापासून वीतभर अंतरावर. मोटर बंद असली की रिसिव्हरला लांबचंही ऐकू येई. मोटर फिरली की बहिरा. म्हणून तर बोट सुरू व्हायची आणि मग थांबण्याची ऑर्डरसुद्धा घ्यायची नाही.

इलाज चार रुपयांचा. १०४ नंबरचा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर: एक मोटरच्या दोन टोकांमध्ये, एकेक प्रत्येक टोकापासून मोटरच्या लोखंडी अंगावर. ठिणगीची करकर तो तिथल्या तिथंच गिळतो. अंगाला सोल्डर धरत नाही, आधी कानशीनं खरवडून चकचकीत करावं लागतं, सोल्डरिंगची इस्त्री जरा मोठी लागते. कपॅसिटरचे पाय जितके आखूड तितकं काम चांगलं. मोटरच्या वायरींना पीळ दिला, फेराइटच्या (करकर अडवणाऱ्या काळ्या चुंबकी मालाच्या) रिंगमधून काढल्या. परत आकाशवाणी लावली. बारीक खरखर राहिली, पण निवेदिकेचा शब्द न् शब्द कळत होता.

मग रिसिव्हरची एरियल. ती त्यांनी व्यवस्थित गुंडाळी करून बॅटरीखाली दाबली होती, भिजू नये म्हणून! ती सोडवली, बांबूच्या काडीला बांधून उभी केली.

रिमोटकडे शेवटी वळलो. तिथं तर गंमतच होती. मूळची एरियल काढून त्यांनी दीड मीटरची तार लावलेली, लांब तार म्हणजे लांब रेंज या हिशेबानं. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची. पाव लहर म्हटलं तरी पावणेतीन मीटर तार हवी. तेवढी दांडी पोरांच्या रिमोटला कोण लावणार, म्हणून कंपनी आखूड एरियल देते आणि बुडाशी एक कॉइल घालून ती कमतरता भरून काढते. ती कॉइल त्याच आखूड एरियलसाठी जुळवलेली असते. तार बदलली की जुळणी बिघडते, पॉवर बाहेर पडायच्या ऐवजी आतच तापून जाते. ओए-७९ डायोड, एक छोटा मीटर आणि हातभर वायर, एवढ्यावर मी फील्ड स्ट्रेंग्थ मीटर, म्हणजे एरियलमधून किती लहर बाहेर पडते ते दाखवणारा काटा, करून ठेवलाय. त्यांच्या तारेवर काटा जेमतेम हलला. मूळची एरियल परत लावली, प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरनं कॉइलचा गाभा हळूहळू फिरवला (लोखंडी घातला की त्यानंच ट्यूनिंग सरकतं), तसा काटा चढत गेला. आणखी एक दाखवलं: रिमोट टेबलावर ठेवला की काटा पडतो, हातात धरला की वर जातो. आपलं अंगच तिथं एरियलचं दुसरं टोक होतं. म्हणून बोट चालवताना रिमोट पायरीवर ठेवायचा नाही, दोन्ही हातांत धरून उभं राहायचं.

दुपारी दुकान मुलाच्या हवाली करून मीही घाटावर गेलो. एक पोरगा पलीकडच्या काठाला, कानाला मोबाइल. बोट निघाली, मध्यावर गेली, वळ म्हटल्यावर वळली, थांब म्हटल्यावर थांबली, आणि पलीकडे चिखलाला लागली. उंच पोरगा अक्षरशः नाचला.

मग दोरी बांधून सोडली आणि रेडिओचा काही संबंधच उरला नाही. सुतळीएवढी नायलॉनची दोरी भिजली, बुडाली, प्रवाहानं तिला पोट पाडलं आणि बोट शेपटीला धरल्यासारखी मागं ओढली जायला लागली. रिमोटचं ऐकत होती बिचारी, पण जाईल कशी? मागच्या वेळचा होडीवाला पायरीवर बसून हे सगळं बघत होता.

"समोर जायाचंय म्हनून समोर तोंड करता व्हय?" तो उठला. "वरल्या अंगानं सोडा, तोंड वरच ठिवा, नदी आपसूक न्हेती पलीकडं. आन् दोरी असली नगं. तरंगती ती आना, पिलास्टिकची."

पॉलिप्रॉपिलीनची दोरी पाण्यावर तरंगते, हे खरंच. एकजण गाडी काढून बाजारात पळाला. दुसऱ्याला होडीवाल्यानं होडीत बसवलं, वल्हं हातात दिलं आणि पाणी कुठं ओढतं ते दाखवायला नेलं. मला दुकान होतं, मी निघालो. पुढचा तास तरी तो त्याला सोडणार नाही, हे दिसतच होतं.