डिमरवर अडलेला बल्ब : माझा अनुभव

घरातले जुने तंतूचे बल्ब काढून एलईडी बसवण्याचे काम बैठकीच्या खोलीतला एक दिवा सोडला, तर विनासायास झाले. जुना 60 वॅटचा बल्ब जेवढा उजेड देत असे, तेवढा, म्हणजे साधारण 800 ल्युमेन, उजेड 8 ते 10 वॅटचा एलईडी देतो. म्हणून वॅटऐवजी ल्युमेन, म्हणजे उजेडाचे माप, पाहिले, होल्डर जुळवला आणि बल्ब घेतले.

बैठकीतला दिवा मात्र डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, होता. उजेड निम्म्यावर आणला की नवा बल्ब लुकलुके आणि आणखी कमी केला की बारीक घूं असा आवाज करून एकदम विझे. विक्रेत्याने तो आपल्या तपासणीच्या होल्डरला लावला, तिथे तो लख्ख पेटला आणि ‘बल्ब उत्तम आहे’ असे म्हणून त्याने खोके माझ्याकडे परत सरकवले. बदलून आणलेल्या बल्बचीही तीच गत झाली आणि उत्तरही तेच मिळाले. बल्ब साध्या होल्डरवर पेटतो का, हा माझा प्रश्नच नव्हता, हे त्याला पटवता पटवता मी मेटाकुटीला आलो. तो डिमरसाठी नसल्याची सूचना खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली होती.

जुन्या पद्धतीचे डिमर विजेच्या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापतात. तापलेली तंतू त्याने नुसती मंद होते, पण साध्या एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे बल्बमधल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटला, ती तुटक वीज झेपत नाही. शिवाय अशा बऱ्याच डिमरना लागणारा किमान भार एकटा 9 वॅटचा बल्ब भरून काढू शकत नाही, त्यामुळे डिमेबल, म्हणजे डिमरसाठी बनवलेला, बल्ब आणूनही थोडी लुकलुक उरलीच. वायरमनने एलईडीला चालणारा डिमर बसवला, तेव्हा कुठे ती थांबली. उजेड कमी-जास्त करण्याची खरोखर गरज नसेल, तर डिमर काढून साधे बटण बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपण्याच्या खोलीत 2700 केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश बरा वाटतो. 6500 केल्व्हिनचा निळसर पांढरा तिथे डोळ्यांवर येतो. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात बल्ब लावायचा असल्यास तशी परवानगी खोक्यावर आहे का, ते पाहावे, कारण कोंडलेल्या उष्णतेने ड्रायव्हर लवकर बिघडतो. जुने सीएफएल काढणार असाल, तर त्यांत पारा असतो, तेव्हा ते घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. आणि हमीची मुदत संपेपर्यंत खोके व पावती जपून ठेवावी. बदलून देताना विक्रेता आधी तेच मागतो.