मिठाच्या पुडीवरची तारीख

गेल्या वैशाखात आशाताई बीपी-साखरेचा धोका पाहायचा फॉर्म घेऊन दारात आल्या, तेव्हा मला काहीसुद्धा होत नव्हतं. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचा भरायचा असतो, म्हणाल्या. वय 47, वडिलांना बीपी, टेपनं मोजलेली कंबर 84 सेंटिमीटर. तंबाखू?

"नाही."

"आणि मिश्री?"

मिश्री मी लग्नाआधीपासून लावते. ती तंबाखूच, हे कधी मनात आलंच नव्हतं. फॉर्मवरच्या उत्तरांचे गुण चारच्या वर गेले, म्हणून तपासणीला बोलावलं.

आमच्या जावळीतल्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या मॅडमनी आधी पाच मिनिटं शांत बसवलं, मग बीपी मोजायला दंडाला पट्टा बांधला. 166/102. थोड्या वेळानं परत, 162/100. बोटाला टोचून साखर पाहिली, ती ठीक निघाली. बॅटरी लावून तोंड आतून पाहिलं. कॅन्सरची शंका यावी असा पांढरा चट्टा नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पुन्हा मोजलं आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम ही बीपीची गोळी सुरू केली. रोज एक. महिन्याच्या गोळ्या फुकट मिळाल्या.

महिन्यानं 134/84. बरी झाले असं समजून भातलावणीच्या घाईत गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांनी आशाताईंनी हाताला धरून नेलं, तर 158/96. मॅडम रागावल्या नाहीत. "ताई, गोळी चालू होती म्हणून आकडा खाली होता," एवढंच म्हणाल्या. हे पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

मग मिठाचं निघालं. माणशी दिवसाला जास्तीत जास्त 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. घरात आम्ही चौघं, म्हणजे किलोची पुडी 50 दिवस जायला हवी. आमची तीन आठवड्यांत संपायची! ठेचा, पापड, सांडगी मिरची, वर ताटात वाढलेलं मीठ वेगळंच. आधी ताटातलं बंद केलं. आता पुडी फोडली की तिच्यावर पेननं तारीख घालते. मागची 41 दिवस गेली.

मिश्री अजून पूर्ण सुटली नाही. पहाटे चूल पेटवली की हात डबीकडे जातोच. चार वेळची एक वेळ झालीय.

यजमान 52 वर्षांचे. "मला काय झालंय?" म्हणतात. मलाही काही झालं नव्हतं. येत्या मंगळवारी त्यांना घेऊन जाणार आहे.