रविवारची पुडी

रविवार, रात्र

जेवण झाल्यावर कोमट दुधात पुडी कालवून घेतली. ड जीवनसत्त्वाची, ६०,००० युनिटची, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती पोटात थोडं तूप-दूध असताना घेतली की चांगली लागू पडते, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. म्हणून आज भाताबरोबर तूप घेतलं. एरवी मी ते टाळते.

रिपोर्टात आकडा १४ आला होता. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, जळगावात राहून ऊन कमी पडतं? मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून तर आपण उन्हापासून पळतो. सकाळी आठला खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेर पडलं तर डोक्याला रुमाल, हातात मोजे. हे जीवनसत्त्व कातडीत तयार करणारे किरण काचेतून आत येत नाहीत, आणि कोवळ्या उन्हात ते फार थोडे असतात. आपली सावली उंचीपेक्षा लहान झाली की ते भरपूर मिळतात. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेनऊलाच ती लहान होते. तेवढ्या वेळी दहा-पंधरा मिनिटं हात-पाय उघडे ठेवून गच्चीवर उभं राहता येतं, लू सुटायच्या आत. कापूस वेचणाऱ्या बायांनाही ऊन मिळतंच असं नाही. लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं, मग उघडं राहतं काय?

माय आठवते. "पाय दुखतस व," म्हणायची, आणि आम्ही तेल चोळून द्यायचो. वय झालं, असं सगळेच म्हणायचे. मोरीत घसरली आणि खुबा मोडला, त्यानंतर ती धड चालली नाही. तिचं रक्त कधी कोणी तपासलं नव्हतं. पाळी गेल्यावर बाईच्या हाडांची झीज वाढते. त्यात ड कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. रक्तातलं कॅल्शियम मात्र शरीराला कायम राखावंच लागतं, म्हणून ते हाडांतून काढलं जातं. वर्षानुवर्षं हे चालतं आणि वरून काहीच दिसत नाही. दुखणाऱ्या बाईला "वय झालं" म्हणून गप्प बसवणं मला आता सहन होत नाही.

शेजारच्या काकू हीच पुडी रोज घेत होत्या, ताकदीचं औषध समजून! ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जास्तीचं ड लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, तहान लागते, बद्धकोष्ठ होतो, मूत्रपिंडं बिघडू शकतात. त्यांना म्हटलं, आजपासून बंद, आणि उद्या डॉक्टरांकडे चला, मी येते सोबत.

नुसत्या पुडीने हाडं भरत नाहीत, कॅल्शियमही पोटात जायला हवं. माझ्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला. नंदुरबारकडून नणंदेने नागली, म्हणजे नाचणी, पाठवली आहे. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आहेच, तिच्यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा नागलीचीही करीन. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय, म्हणून पहिली पहाटे आणि दुसरी दुपारच्या जेवणासोबत.

पुडीचा आठ आठवड्यांचा कोर्स आहे, नंतर महिन्यातून एक, मग पुन्हा रक्ततपासणी. जाऊबाईंचीही कंबर दुखते. त्यांची पाळी माझ्या आधी गेली, आणि चालताना त्या भिंतीला हात लावतात. उद्या त्यांना काकूंसोबतच नेते. रक्त तपासून घेऊ, आणि डॉक्टर म्हणाले तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही. भाऊजींना विचारायचं म्हणाल्या, तर त्यांना मीच सांगेन.