क्लोरीन ट्रायफ्लोराइड त्रिकोणी का नाही?

बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये तीन फ्लोरीन १२०° वर बसतात, मग क्लोरीन ट्रायफ्लोराइडही तसाच असणार, असं सहज वाटतं. सूत्रं (BF₃ आणि ClF₃) सारखी दिसतात आणि घात तिथेच होतो. आकार ठरतो तो मध्यवर्ती अणूभोवतीच्या सगळ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांवरून. सूत्रात लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेल्या जोड्या, दिसत नाहीत, त्या मोजूनच काढाव्या लागतात.

सगळ्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन (सर्वांत बाहेरच्या कवचातले) मिळवा. ऋण प्रभार असेल तर तेवढे वाढवा, धन असेल तर कमी करा. मग टोकाच्या प्रत्येक अणूमागे ८ वजा करा, हायड्रोजन असेल तर २. उरलेल्यांना २ ने भागलं की मध्यवर्ती अणूच्या लोन पेअर मिळाल्या. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये क्लोरीनचे ७ + तीन फ्लोरीनचे २१ = २८, त्यातून २४ गेले, उरले ४. म्हणजे दोन लोन पेअर, तीन बंध, एकूण पाच जोड्या. सल्फर डायऑक्साइडला १८ − १६ = २, म्हणून एक लोन पेअर आणि रेणू वाकलेला. दुहेरी बंध आकारासाठी एकच धरायचा. तो दोनदा मोजला की सगळं बिघडतं.

खरी मजा पाच जोड्यांत आहे, कारण त्या त्रिकोणी द्विपिरॅमिडमध्ये (मध्ये त्रिकोण, अक्षावर त्याच्या वर-खाली एकेक टोक) मांडल्या जातात आणि त्यातल्या जागा सारख्या नसतात. अक्षावरच्या जागेला ९०° वर तीन शेजारी, मधल्या त्रिकोणातल्या जागेला दोनच. लोन पेअरला एकाच केंद्रकाची ओढ असते, त्यामुळे ती जास्त पसरते आणि कमी गर्दीची जागा घेते. क्लोरीनच्या दोन्ही लोन पेअर त्रिकोणात जातात, उरतो इंग्रजी टी अक्षराचा आकार. त्यांच्या रेट्यामुळे कोन ९०° ऐवजी ८७.५° होतो. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये एकच लोन पेअर, तरी त्रिकोणातला १२०° चा कोन सुमारे १०२° वर येतो. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये मात्र तिन्ही लोन पेअर त्रिकोण व्यापतात, रेटा सगळीकडून सारखा, आणि रेणू सरळ १८०°.

आता चार जोड्यांचे रेणू: मिथेन १०९.५°, अमोनिया (एक लोन पेअर) सुमारे १०७°, पाणी (दोन) १०४.५°. यावरून ‘दर लोन पेअरमागे अडीच अंश वजा’ अशी युक्ती पाठ करू नका. ती हायड्रोजन सल्फाइडला लावली तर पाण्याइतकाच कोन येतो, प्रत्यक्षात तो ९२° आहे. सल्फर मोठा, बंध लांब, बंधातल्या जोड्या एकमेकींपासून दूर. त्यांची आपसातली ढकलाढकल कमी पडते आणि लोन पेअर त्यांना आणखी जवळ दाबतात. मोजलेला आकडा माहीत नसेल तर ‘१०९.५° पेक्षा कमी’ एवढंच लिहा.