एका माणसाचे टेबल

कामानिमित्त परगावी जायचे असले, की बैठका, सादरीकरणे, गाड्यांच्या वेळा यांची तयारी आठवडाभर आधीपासून होते. रात्री जेवायचे कुठे, हा प्रश्न मात्र खोलीवर येऊन बूट काढल्यानंतरच सुचतो. तोपर्यंत नऊ वाजून गेलेले असतात, पोटात कावळे ओरडत असतात आणि मोबाइलवर जे पहिले नाव दिसेल तिकडे जावे, नाहीतर खोलीवरच काहीतरी मागवून लॅपटॉपसमोर उरकावे, असे वाटते. पहिली काही वर्षे मी आलटूनपालटून हेच करत होतो आणि दोन्हींत जेवणापेक्षा पोट भरण्याचाच भाग अधिक असे.

मराठीत ‘हॉटेल’ या एकाच शब्दात राहण्याची आणि खाण्याची अशा दोन्ही सोयी बसतात. कदाचित म्हणूनच जिथे उतरलो तिथेच जेवणे आपल्याला स्वाभाविक वाटत असावे. पण आठवड्याच्या मधल्या वारी अशा हॉटेलच्या भोजनगृहात डोकावून पाहावे. चाळीस टेबले, चार माणसे आणि झाकणांखाली संध्याकाळपासून मांडून ठेवलेले बुफेचे पदार्थ. शिजवलेले अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानावर गरम ठेवावे आणि सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त काळ राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओस पडलेल्या भोजनगृहात हे कसोशीने पाळले जातही असेल. मला मात्र जिथे भांडी रिकामी होऊन पुन्हा भरली जातात, अशी गजबजलेली साधी जागा अधिक भरवशाची वाटते. सकाळी नऊला महत्त्वाची बैठक असताना पोट बिघडणे परवडत नाही.

तरीही खरी अडचण अन्नाची नसते, बसण्याची असते. दारात वेटर विचारतो, “किती जण?” आपण “एकच” म्हणतो आणि त्या ‘च’मध्ये उगाचच थोडी दिलगिरी उतरते. मग तो आपल्याला स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराजवळच्या टेबलाशी नेतो, समोरच्या बाजूची ताटली, पेला आणि काटा-चमचा आवाज न करता उचलतो आणि त्या जागी टेबलावर एक उघडा चौकोन उरतो. एकटे जेवताना नजर फिरून फिरून त्या चौकोनावरच जाते. मोबाइल हातात घेतला जातो तो त्यामुळेच, असे माझे मत आहे.

खरे तर दिलगिरीचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रेस्टॉरंट हा प्रकार रुजला, तेव्हा त्याचे नावीन्य यातच होते. त्याआधी प्रवाशाला खाणावळीच्या सामायिक टेबलावर, ठरलेल्या वेळी, जे समोर येईल ते अनोळखी माणसांबरोबर खावे लागे. रेस्टॉरंटने वेगळे छोटे टेबल दिले, पदार्थांची यादी हातात दिली आणि सोयीच्या वेळी येण्याची मुभा दिली. म्हणजे एकट्याने येऊन बसणारा माणूस त्या व्यवस्थेत पहिल्यापासून गृहीत धरलेला आहे.

म्हणून अलीकडे मी शोधतो ती चव नव्हे, तर जागा, आणि तीही दुपारी, भूक लागण्याच्या आधी. नकाशावर हॉटेलपासून पायी पंधरा मिनिटांच्या आतलीच नावे पाहतो. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने मोटारचालकांसाठी 1900 मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातल्या दोन ताऱ्यांचा अर्थ ‘वाट वाकडी करून जावे असे ठिकाण’ असा आहे. दिवसभर काम केलेल्या माणसाने मात्र वाट वाकडी करू नये, हे बरे. कार्यालयांच्या भागात उतरलो असेन तर राहत्या वस्तीच्या दिशेने शोधतो, कारण दुपारी रांगा लागणाऱ्या तिथल्या कित्येक जागा संध्याकाळी कार्यालये सुटली की बंद होतात.

गुण किती मिळाले आहेत याकडे मी फारसे पाहत नाही. ग्राहकांनी काढलेले फोटो मात्र बारकाईने पाहतो, आणि त्यातही ताटाच्या मागे काय दिसते ते. भिंतीला लागून बाक आणि त्यापुढे लहान टेबले, खिडकीकडे तोंड करून मांडलेली उंच स्टुले, आचाऱ्यासमोरचा काउंटर यांपैकी काही दिसले, तर तिथे एकटी माणसे येतात असे समजावे. काउंटरवर तर समोर रिकामी खुर्चीच नसते, हातांची लगबग असते. उलट फोटोंत फुगे, केक आणि जोडलेली टेबले असतील, तर ती जागा कितीही नावाजलेली असली तरी आपल्यासाठी नाही. गूगल मॅप्सवर कोणत्या तासाला किती गर्दी असते याचा आलेख असतो आणि लोक तिथे साधारण किती वेळ थांबतात हेही पुष्कळदा दिलेले असते. अर्धा-पाऊण तास दिसला, की माझा निर्णय होतो. त्यानंतर एक फोन करतो. दार बंद होण्याची वेळ आणि स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी एका बंद शटरसमोर नव्हे, तर एका उघड्या, दिवे लावलेल्या, पण चूल विझलेल्या जागी शिकलो.

आत गेल्यावर दाराजवळचे टेबल दाखवले, तर “तिकडे बसलो तर चालेल का?” असे सरळ विचारावे, पुष्कळदा चालते. हात धुवायला जाण्याचे काम मागवण्याच्या आधीच उरकावे, कारण बॅग राखायला कोणी नसते आणि मध्येच उठलो तर अर्धे ताट उचलले जाण्याचा संभव असतो.

बिलाबद्दल एक सांगायचे राहिले. मागे एका दौऱ्याचा खर्च आमच्या लेखा विभागाने परत पाठवला, कारण बिलावर माणसांची संख्या दोन छापलेली होती. टेबल दोघांचे होते, म्हणून यंत्रात दोन टाकले गेले असावेत. ताट एक, पाण्याची बाटली एक, तरीही दुसरी व्यक्ती कोण, याचा लेखी खुलासा मला द्यावा लागला. तेव्हापासून उठण्याआधी मी रकमेच्या अगोदर तो आकडा पाहतो.