छतावर एक, खाली एक आणि तिसरा मोकळा : आमची वाटचाल

आज आम्ही हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतली धुराची वाट साफ करतो, पण आमचं मूळ दुकान मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं. नागपुरात हा धंदा कूलरच्या भरवशावर चालतो. होळी झाली की पंपाच्या आणि पंख्याच्या मोटरींची रांग लागते, पावसाळा सुरू झाला की गिऱ्हाईक गायब. उरलेलं वर्ष काढायचं म्हणून आम्ही धरमपेठ, सदर, सीताबर्डी भागातल्या हॉटेलांच्या ब्लोअरच्या, म्हणजे स्वयंपाकघरातला धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या, मोटरी घ्यायला लागलो. त्यात एक गोष्ट लक्षात आली. ठरावीक हॉटेलांच्या मोटरी पुन्हा पुन्हा जळून यायच्या आणि वाइंडिंगमध्ये खोट सापडायची नाही. खोट वर, छतावर होती. इम्पेलरवर, म्हणजे ब्लोअरच्या पात्यांच्या चाकावर, तेलाचा राप बसतो, तोही सगळ्या पात्यांवर सारखा बसत नाही. मग तोल जातो, ब्लोअर थरथरतो, पट्टा घसरतो, बेअरिंग जाम होतं आणि शेवटी मोटर जळते. दरवेळी मोटर भरून देण्यापेक्षा ब्लोअर धुऊन देणं गिऱ्हाइकाच्या फायद्याचं होतं. ब्लोअर उघडला की डक्टची, म्हणजे धूर वर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीची, अवस्था दिसते, डक्ट पाहिला की भट्टीवर धूर गोळा करणाऱ्या हूडचीही कल्पना येते. असे आम्ही वरून खाली या सफाईच्या धंद्यात उतरलो.

रसायन, मशीन, दर ही गणितं एकदा बसली की बसली. कामावर माणसं किती न्यायची हा हिशेब मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात पहिल्यापासून मांडावा लागतो. मालकाला वाटतं की तो हूडच्या फुटांवर ठरतो. ‘भाऊ, बारा फुटी तर हूड आहे. दोन पोट्टे पाठवा न. काहून एवढी फौज आणता?’ हे दर पाहणीला ऐकायचं. खरं तर या हिशेबात हूडची लांबी सगळ्यात शेवटी येते. एकाच वेळी किती ठिकाणी माणूस उभा असला पाहिजे, हे आधी मोजायचं.

रात्रीच्या कामाचा क्रम सांगितला की हे कळेल. साडेअकरा-बाराला शेवटची ऑर्डर जाते, आचारी आवरायला घेतात. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह आणि बर्नरचे पायलट बंद झाल्याशिवाय आमचा माणूस हूडखाली जात नाही. भट्ट्या, फ्रायर, टेबलं जाड प्लास्टिकने झाकायची, हूडच्या कडांना प्लास्टिक बांधून झोळी करायची आणि तिचं तोंड ड्रममध्ये सोडायचं. हूडमधले तेल अडवणारे फिल्टर काढून गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचे. तेही स्टीलचे असतील तरच. ॲल्युमिनियमचे टाकले तर टाकी फसफसते, हायड्रोजन सुटतो आणि कॉस्टिक फिल्टर खाऊन टाकतं. डक्टमधला जाड थर आधी कोरडाच खरवडायचा, मग रसायन मारून मुरू द्यायचं आणि गरम पाण्याच्या प्रेशर गनने वरून खाली धुवत यायचं. आधी ब्लोअर, मग डक्ट, शेवटी हूड.

डक्ट धुताना माणसांची खरी कसोटी लागते. छतावरचा गडी गन सोडतो तेव्हा काळं पाणी थेट खालच्या झोळीत येतं. झोळी तुंबली, ड्रम बदलायचा आहे, एका कोपऱ्याची गाठ सैल झाली, यातलं काहीच त्याला वरून दिसत नाही. खालच्याने वॉकीटॉकीवर ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी गन बंद झाली पाहिजे, नाहीतर ते पाणी मालकाच्या भट्टीवर. म्हणजे वरचा आणि खालचा दोघंही जागेला बांधलेले. अशा वेळी टाकीतले फिल्टर कोण काढणार? पाण्याचा नळ कोण बघणार? पाणी प्यायला आत शिरलेला वेटर ओल्या फरशीवर पडू नये म्हणून दारात कोण उभं राहणार? वरच्याच्या अंगावर रसायन उडालं तर धावत जिना कोण चढणार? कॉस्टिक डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं तरी धुवावं लागतं. ज्याला दिसत नाही त्याने नळ शोधत फिरायचं का?

म्हणून आमच्याकडे नेहमीच्या कामाला तिघं जातात. वर एक, खाली एक आणि तिसरा मोकळा. या तिसऱ्याला मालक लोक हेल्पर समजतात. आमच्याकडे तो सगळ्यात जुना माणूस असतो आणि त्याची रोजी सगळ्यांत जास्त असते. पोरं त्याला मामा म्हणतात. डक्ट धुणं चालू असताना मामाच्या हातात गन नसते, स्क्रेपरही नसतो. नव्या पोराला हा प्रकार अन्याय वाटतो. काही रात्री गेल्या की वाटेनासा होतो. ब्लोअरच्या स्विचला कुलूप मात्र मामा लावत नाही. ज्याचा हात इम्पेलरमध्ये जाणार, तोच कुलूप लावतो आणि किल्ली त्याच्याच खिशात राहते. खाली कोणी ‘जरा हवा येऊ द्या’ म्हणत बटण दाबलं तरी वरचा पंखा फिरता कामा नये.

आता वेळेचं बघू. वर सांगितलेलं बारा फुटी हूड, आठ फिल्टर, तीसेक फूट डक्ट आणि एक ब्लोअर असं काम धरा. झाकाझाक, रसायन मुरणं, शेवटचा पोछा आणि ब्लोअर चालवून बघणं यात दीड तास जातो, माणसं कितीही असोत. बाकीचं काम साधारण नऊ माणूस-तासांचं, म्हणजे एकट्याने केलं तर नऊ तासांचं. दोघं असतील तर सहा तास, तिघं असतील तर साडेचार. चौघांना कागदावर पावणेचार तास लागायला हवेत, प्रत्यक्षात चार लागतात, कारण गन एकच असते आणि हूडखाली दोघांपेक्षा जास्त माणसं शिरली की कोपरं कोपरांना लागतात. तिसऱ्या माणसाने दीड तास वाचवला, चौथ्याने अर्धा. सकाळी पाचला तर्रीपोह्यांची तयारी सुरू होणाऱ्या ठिकाणी साडेबाराला हात घालून सहा तासांचं काम बसतच नाही, साडेचार तासांचं बसतं. तिथे चौथा माणूस नेणं म्हणजे अर्ध्या तासासाठी आख्खी रोजी घालणं.

पण तीन हा काही मंत्र नाही. क्लाउड किचनची, म्हणजे फक्त घरपोच ऑर्डरींसाठी चालणारी, गाळ्यातली स्वयंपाकघरं इतकी चिंचोळी की तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही. हूड चार-पाच फुटी, डक्ट भिंतीतून बाहेर, लगेच पंखा. तिथे दोघं पुरतात. मात्र तो पंखा बाहेर उंचावर असेल आणि शिडीवरूनच हात पोचत असेल, तर शिडी धरायला एक जण अडकतो, आत कोणीच उरत नाही आणि छोट्या कामालाही तिसरा न्यावा लागतो. एकट्याला मात्र कुठेच पाठवत नाही, नुसते फिल्टर बदलायचे असले तरी.

मोठ्या हॉटेलात उलट. डक्ट तीन-चार मजले शाफ्टमधून वर जातो, प्रत्येक मजल्यावर त्याला तपासणीचं झाकण असतं. जी झाकणं उघडी, तिथे माणूस हवा, नाहीतर पाणी गेस्टच्या कॉरिडॉरमध्ये. अशा कामाला पाच-सहा जण लागतात आणि तरी आम्ही एका रात्रीत एकच लाइन घेतो. एक ब्लोअर वाढला की एक माणूस वाढतो, हा आमचा ढोबळ नियम. एकाच ब्लोअरवर दोन हूड असतील तर वाढत नाही, फक्त वेळ वाढते.

पदार्थावरूनही फरक पडतो. इडली-डोशाच्या हॉटेलात वाफच जास्त, राप पातळ, बोटाने पुसला जाईल असा. चायनीजच्या मोठ्या आचेवर तेलाचे कण थेट डक्टमध्ये जाऊन वार्निशसारखे कडक होतात. अमरावती रोडच्या ढाब्यांवर तंदूरची कोरडी काजळी. तिच्यावर आधी पाणी मारलं तर चिखल होतो, म्हणून ती आधी झाडून काढायची. आणि सावजी! तिथल्या रापात मिरचीही मुरलेली असते. गरम पाणी लागलं की वाफेबरोबर असा ठसका उठतो की मास्क लावूनही दर थोड्या वेळाने माणूस बदलावा लागतो. बाकी हिशेब काहीही म्हणो, सावजीच्या पहिल्या सफाईला मी चौघं देतो.

‘पहिली सफाई’ हा शब्द आमच्या हिशेबात वेगळा आहे. वर्षानुवर्षं न उघडलेला डक्ट आणि तीन महिन्यांपूर्वी आपणच धुतलेला डक्ट यांची माणसं सारखी असू शकत नाहीत. म्हणून पाहणीला जाताना थराची जाडी मोजायची खाचांची पट्टी नेतो. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षेच्या संस्थेच्या ९६ क्रमांकाच्या मानकात डक्टमधला थर २००० मायक्रॉन, म्हणजे २ मिलिमीटर झाला की सफाई करायला सांगितली आहे. त्याच मानकात कोळसा-लाकडाच्या चुलीसाठी दर महिन्याला, चोवीस तासांच्या किंवा चायनीजसारख्या मोठ्या आचेच्या स्वयंपाकघरासाठी तिमाही आणि मध्यम वापरासाठी सहामाही तपासणी दिली आहे. हे मानक इथे दाखवलं की काही मालक हसतात. डक्टमधला राप जळायला लागला की आग भिंतीमागून वर चढते आणि खालच्या माणसाचं अग्निशामक नळकांडं तिथवर पोचत नाही, एवढं सांगितलं की हसू थांबतं.

ऋतूही माणसं मागतात. डिसेंबरच्या रात्री नागपूर गारठतं, छतावरच्या पत्र्याच्या डक्टमधला राप मेणासारखा घट्ट होतो आणि तेच काम तासभर लांबतं. त्याच महिन्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, हॉटेलं भरलेली, स्वयंपाकघर रात्री दोनपर्यंत चालू. म्हणजे काम मोठं आणि वेळ अर्धी. आम्ही नोव्हेंबरातच ही कामं उरकून घ्यायला सांगतो. मे महिन्यात राप मऊ असतो, आपसूक सुटतो, पण माणूस सुटा राहत नाही. दिवसभर तापलेली गच्ची, अंगात रबरी सूट, वर रसायनाची वाफ. तेव्हा वरच्या माणसाला बदली हवी, म्हणून तिघांचं काम चौघांवर जातं. जानेवारी आणि जुलैतही फोन वाढतात. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन त्या दोन महिन्यांत द्यायचा असतो. तो दाखला देणं आमचं काम नाही, पण फाइल उघडली की मालकाला डक्टही आठवतो.

या सगळ्यामुळे आम्ही कोटेशनमध्ये माणसांचा आकडा लिहिणं बंद केलं. आकडा दिसला की घासाघीस त्याच्यावरच सुरू होते. ‘चौघांचे एवढे, मग दोघांचे निम्मे करा.’ आता आम्ही लिहितो की गॅस किती वाजता बंद हवा, स्वयंपाकघर कोरडं करून किती वाजता ताब्यात देऊ आणि सफाईआधीचे-नंतरचे फोटो कुठले मिळतील. ब्लोअरचा आणि डक्टच्या मध्यभागाचा फोटो त्यात असतोच, कारण नुसतं हूड चकचकीत करून देणारे पुष्कळ आहेत. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलाने तरीही दोघांचाच आग्रह धरला. आम्ही नमस्कार करून निघालो. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं, कसं झालं ते विचारायला गेलो नाही.

सध्या घरात वाद आहे तो दुसऱ्या प्रेशर मशीनचा. मुलगा म्हणतो, दुसरी गन आली की चौथा माणूस रिकामा राहणार नाही, हूड आणि फिल्टर एकाच वेळी धुता येतील. त्याचं बरोबर आहे, पण बहुतेक स्वयंपाकघरांत आम्हाला एकच नळ मिळतो, तोही अर्ध्या इंचाचा, आणि एका मशीनलाच तो कसाबसा पुरतो. दोन गन लावल्या तर दोन्ही धापा टाकतील. म्हणून आधी गाडीवर पाचशे लिटरची टाकी आणि छोटा पंप बसवायचा. टाकी संध्याकाळी दुकानातच भरून न्यायची, म्हणजे नळाचा प्रश्न मिटला. एवढं वजन घेऊन आमची जुनी गाडी उड्डाणपुलावर चढते का ते या आठवड्यात बघू. चढली तर मशीन घेऊ, आणि मग चौथ्याची रोजी पुन्हा हिशेबात धरू.